फडके रोडवरची गर्दी रंगवताना

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर उभं राहिलं की कॉमिक्स काढणाऱ्याची परीक्षाच असते. भगवे फेटे, जांभळ्या-हिरव्या नऊवाऱ्या, ढोलताशे, गॅलरीतून वाकून बघणारी माणसं. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा याच गावात, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगाव अशी पसरली. समजा, ढोल वाजवणारी एक मुलगी तुमच्या गोष्टीची नायिका आहे आणि तिच्यामागे चाळीस-पन्नास माणसं आहेत. त्या प्रत्येकाला तिच्याइतक्याच निगुतीने शेडिंग केलंत, तर वाचकाला नायिका सापडणारच नाही.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (1926–2011) यांच्या चित्रांतल्या गर्दीत प्रत्येक माणूस वेगळा पाहण्यासारखा असतो, कारण नजर चित्रभर फिरत राहावी हाच तिथे हेतू असतो. कॉमिक्सच्या चौकटीवर मात्र वाचक क्षणभरच थांबतो. म्हणून इथे गर्दी ही पन्नास माणसं नव्हेत, एकच मोठा आकार आहे असं धरायचं आणि उजेड-सावली त्या आकारावर पाडायची.

डिजिटल चित्रात हे करताना रेषा वरच्या लेअरवर ठेवा. खाली फ्लॅट्स भरा, म्हणजे सावलीशिवायचे सपाट रंग. नायिकेचे फ्लॅट्स एका ग्रुपमध्ये, गर्दीचे दुसऱ्या. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळला तर पुढे प्रत्येक दुरुस्तीला दुप्पट वेळ जातो.

आता गर्दीच्या फ्लॅट्सवर एक नवा लेअर घ्या, तो फ्लॅट्सना क्लिप करा, म्हणजे रंग त्यांच्या कडेबाहेर जाणार नाही, आणि त्याचा मोड मल्टिप्लाय करा. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपिंगसाठी ‘इनहेरिट अल्फा’ वापरतात. त्यासाठी दोन्ही लेअर एकाच ग्रुपमध्ये हवेत. मल्टिप्लायमध्ये खरोखरच गुणाकार होतो. काळा 0 आणि पांढरा 1 धरला, तर 0.8 उजळपणाच्या फेट्यावर 0.5 ची सावली टाकल्यावर 0.4 उरतो. पांढऱ्याने काहीच बदलत नाही, बाकी कोणताही रंग खालचा रंग गडदच करतो. त्यामुळे भगवा, जांभळा, हिरवा अशा सगळ्यांवर एकच सावलीचा रंग चालतो. तो काळा घेऊ नका, रंग मळकट होतात. सकाळचं ऊन पिवळसर असतं, तेव्हा सावली फिकट निळसर-जांभळी घ्या.

ही सावली माणसागणिक काढत बसायचं नाही. रस्त्याकडेच्या इमारतीची सावली दहा-पंधरा डोक्यांवरून एका पट्ट्यात न्या. पट्ट्याची कड फेट्यावरून खांद्यावर उतरताना जराशी वाकवली की खालचे देह गोलाकार वाटू लागतात. मग पुढच्या रांगेतल्या माणसांना हनुवटीखाली आणि काखेत दुसरा गडद टोन द्या. मधल्या रांगांना पट्ट्याची सावली पुरते. अगदी मागच्यांना शेडिंग नकोच, नुसते डोक्या-खांद्यांचे आकार ठेवा आणि त्यांच्या काळ्या रेषा तपकिरी करा.

त्यानंतर नायिका आणि गर्दी यांच्यामध्ये फिकट पिवळसर रंगाचा एक साधा लेअर टाका, ओपॅसिटी वीसेक टक्के. लांबच्या गोष्टी हवेतल्या धुळीमुळे फिकट दिसतात, तोच परिणाम मिळतो. नायिकेच्या नऊवारीचा रंग आता आपोआप उठून दिसेल. मला हा एक लेअर बारीक शेडिंगच्या तासभर मेहनतीपेक्षा मोलाचा वाटतो.

तपासणीसाठी सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेवून त्याचा मोड ‘कलर’ करा. चित्र करडं होईल. नायिका तरीही वेगळी दिसत असेल तर काम जमलं. ती गर्दीत मिसळत असेल, तर फरक फक्त रंगाचा होता, उजळपणाचा नव्हता. मग गर्दीची सावली हलकी करा किंवा मधल्या पिवळसर लेअरची ओपॅसिटी वाढवा. चित्र मोबाइलवर छोटं करूनही बघा.

क्रिता मोफत मिळतं, त्यामुळे शिकायला खर्च नाही. नवशिक्यांनी मात्र पहिली दोन-तीन गर्दीची चित्रं रंगांशिवाय, फक्त तीन करड्या छटांमध्ये काढावीत.