कुठल्या वारी जास्त?

येत्या १ जुलैला मी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट म्हणून रुजू होणार आहे. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत पेढे वाटले तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे कसली डॉक्टर गं? हार्टची की डोळ्यांची?" मी "मेडिसिनची" म्हटलं. त्यांचं समाधान झालं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आपल्याकडे याच शाखेला एमडी मेडिसिन म्हणतात आणि डॉक्टरला फिजिशियन. न उतरणारा ताप, मधुमेह, दम लागणं, पायावरची सूज, असं सगळं घेऊन मोठी माणसं याच डॉक्टरकडे येतात. इथे सुरी चालवायची नसते. विचारायचं, हात लावून तपासायचं आणि दहा तक्रारींमागचं एक कारण शोधायचं.

तिकडे अर्ज करताना परीक्षांच्या निकालासोबत एक पानभर लिहून द्यावं लागतं: हीच शाखा का? मी तीन रात्री त्या कोऱ्या पानापुढे बसले आणि शेवटी आजोबांबद्दल लिहिलं.

आजोबा १९६५ साली रत्नागिरीहून आले आणि परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात लागले. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरून त्याचा पेळू करायचा. हवेत सतत कापसाची धूळ. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी कायमची सुटली. खोकला मात्र सुटला नाही. एका दवाखान्यात त्यांना टीबीची औषधं दिली, दुसऱ्याने दमा म्हटलं, तिसऱ्याने विडी सोडा म्हणून सांगितलं. आजोबांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही.

मी शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकत होते. वॉर्डात पेशंटची हिस्ट्री घ्यायला नुकती सुरुवात झाली होती, म्हणून एका संध्याकाळी सराव करायला आजोबांना खाटेवर बसवलं. वहीतल्या क्रमाने विचारत गेले. खोकला कधीपासून? बेडका किती, रंग कसा? जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं? आठवड्यात कुठल्या वारी जास्त होतं, हे वहीत नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी आमच्या सरांनी वॉर्डात एका म्हाताऱ्या कामगाराला तसं विचारलं होतं, ते डोक्यात राहिलं होतं.

आजोबांनी चहाची बशी खाली ठेवली. "आता सगळे वार सारखेच गो बाय. पण गिरणीत होतो ना, तेव्हा सोमवारी छाती आवळायची. मंगळवारी जरा कमी. शनिवारपर्यंत मोकळं वाटायचं. रविवार गेला की परत तेच. आम्हाला वाटायचं, सुट्टी बाधते."

या आजाराचं नाव बिसिनोसिस. कापसाच्या धुळीत जंतूंचे विषारी अंश असतात. रोज धूळ गेली की श्वासनलिका तिला काहीशा सरावतात. एक दिवस खंड पडला की पुन्हा कामावर जाताच त्या जोरात आवळतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या एका दिवसात फुप्फुसं जरा सावरत आणि सोमवारी पुन्हा धुळीला सामोरी जात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी किती तरी वेळ वही मांडीवर घेऊन नुसती बसून होते.

पुढे फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली. फुप्फुसं बरीचशी कायमची गेली होती. बिसिनोसिस हा कायद्याने भरपाईला पात्र व्यवसायजन्य आजार आहे, पण आजोबांसाठी तो रस्ता केव्हाच बंद झाला होता. मिळाला तो योग्य इनहेलर आणि तो ओढायची रीत. एवढ्यावरही ते दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता येऊ लागले. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली डॉक्टरांना बजावलं होतं की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. आजोबांच्या प्लास्टिकच्या पिशवीत तीस वर्षांचे केसपेपर होते. "गिरणी" हा शब्द एकाही कागदावर नव्हता.

मग परदेशी का, असं बाबांनी विचारलं. इथे नीट पीजीच्या एका दिवसाच्या २०० प्रश्नांवर शाखा ठरते. मेडिसिन हवं म्हणून मेडिसिन मिळेलच असं नाही. तिकडेही परीक्षा आहेत, खर्च लाखांत आहे, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी जागा मिळाली की नाही एवढंच कळतं; कुठे मिळाली, ते शुक्रवारी. अमेरिकेच्या लेखी मी परदेशात शिकलेली डॉक्टर. पण अशा डॉक्टरांना सर्वाधिक जागा देणारी शाखा हीच आहे. मला ओढ लागली ती एका गोष्टीची. तिथे रेसिडेंटला वॉर्डाच्या कामासोबत स्वतःचे ठरावीक बाह्यरुग्ण मिळतात आणि तीन वर्षं तेच तेच पेशंट तिच्याकडे येत राहतात. गर्दीच्या ओपीडीत दोन-तीन मिनिटांत "कुठल्या वारी" विचारायला उसंत नसते. मला ते विचारायची सवय हाडीमासी मुरवायची आहे.

परळला हा प्रवास नवा नाही. जीवराज मेहता लंडनहून एमडी होऊन आले आणि आमच्या कॉलेजाचे पहिले डीन झाले. इथले शिक्षक भारतीयच असतील, या अटीवर देणगी मिळून हे कॉलेज आणि त्याचं केईएम रुग्णालय १९२६ साली उभं राहिलं, कारण तेव्हा शिकलेल्या भारतीय डॉक्टरांना सरकारी कॉलेजांत वरच्या जागा मिळत नव्हत्या. माझ्या जे-१ व्हिसाची अट आहे की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात काम पत्करून त्यातून सूट मिळवता येते, बरेच जण मिळवतात. मी ती मागणार नाही, असं आईला सांगितलं आहे.

काल आजोबांची पिशवी आवरली. जुने एक्स-रे वर्षांप्रमाणे लावले आणि सगळ्यांत वर एक कागद ठेवला, पुढच्या डॉक्टरसाठी: "१९६५ ते १९८२, कार्डिंग खातं. धूम्रपान नाही. त्रास सोमवारी जास्त." आजोबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "गिरणीचं नावपण घाल." घातलं.