नजर स्थिर ठेवणारा लहान मेंदू

हातातली ही पुरवणी जरा लांब धरा आणि मान भराभर डावी-उजवीकडे हलवत वाचा. अक्षरं जागेवर राहतात. आता मान स्थिर ठेवा आणि पुरवणी तेवढ्याच वेगाने हलवा. ओळी एकमेकींत मिसळून जातात. असं का?

मान हलते तेव्हा डोळ्यांच्या मदतीला कान येतो. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती वेगाने वळलं ते टिपतात. तो संदेश जेमतेम तीन चेतापेशींच्या साखळीतून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला फिरू लागतात. नुसत्या नजरेच्या भरवशावर हेच करायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. कागद हलतो तेव्हा कानाला पत्ताच नसतो, म्हणून नजर मागे पडते.

ही सोय गेली तर काय होतं, हे एका डॉक्टरने १९५२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वानुभवाने लिहिलं. स्ट्रेप्टोमायसिनमुळे त्याच्या अंतर्कर्णाचं हे काम बंद पडलं होतं. पडून वाचताना नाडीच्या ठोक्याने डोकं हलायचं, तेवढ्यानेही अक्षरं उडायची. शेवटी पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं रोवून तो वाचू लागला.

इतक्या झटपट क्रियेत चूक झाली, तर ती त्या क्षणी सुधारायला वेळच नसतो. सुधारणा पुढच्या वेळेसाठी करावी लागते आणि ते काम लहान मेंदूचं. वजनाने हा मेंदूचा दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८० टक्के चेतापेशी इथेच असतात. नव्या नंबरचा चष्मा लावला की पहिले काही दिवस गरगरतं, कारण भिंगाने दृश्य लहान किंवा मोठं झालेलं असतं आणि डोळे जुन्याच हिशेबाने फिरत असतात. लहान मेंदू तो हिशेब नव्याने बसवतो.

कसा बसवतो, याचं उत्तर शोधण्यात टोकियोच्या मासाओ इतो यांनी आयुष्य घातलं. लहान मेंदूतल्या प्रत्येक पुर्किन्ये पेशीला लाखाच्या घरात बारीक तंतू येऊन मिळतात, आणि एक वेगळा, दणकट तंतू तिला चूक झाल्याची खबर देतो. दोन्ही संदेश एकाच वेळी आले, तर त्या बारीक तंतूंचा प्रभाव कमी होतो आणि कमीच राहतो, हे इतो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं. शिकण्यासाठी जोडणी घट्ट नव्हे, सैल करावी लागते, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

शिकण्याची ही ताकद केवढी? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गॉन्शॉर आणि मेलविल जोन्स यांनी काही जणांना डावं-उजवं उलटं दाखवणारे प्रिझमचे चष्मे घालायला दिले; कुणी तर ते २७ दिवस वापरले. या लोकांचे डोळे पुढे अंधारातही नेहमीच्या जवळपास उलट दिशेला फिरू लागले!

हे शिकलेलं साठतं कुठे, यावर मात्र जोरदार वाद झाला. इतो लहान मेंदूच्या फ्लॉक्युलस या खंडाचं नाव घेत, तर माइल्स आणि लिसबर्गर या संशोधकांनी मेंदूच्या देठाकडे बोट दाखवलं. पुढे उंदरांमध्ये डोळ्यांच्या अशाच दुसऱ्या एका प्रतिक्षिप्त क्रियेवर प्रयोग झाले. फ्लॉक्युलस बधिर केला, तेव्हा त्या दिवशी शिकलेलं पुसलं गेलं. आठवडाभराच्या सरावाने मुरलेलं मात्र टिकून राहिलं.