पाऊस अपार, तरी डोंगर कोरडा!

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, रेयुनियाँ हे फ्रान्सचे बेट आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी वारंवार जागा होतो. तो शांत असला, की गिर्यारोहकांचे गट त्यावर चढतात.

बेलकोंबच्या कड्यावरून आधी शेकडो पायऱ्या उतरायच्या, मग काळ्या, खडबडीत लाव्ह्यावरून चढायचे. वाटेत सावली देणारे झाड नाही. दाट धुके उतरले, की पुढचा सोबतीही दिसत नाही. मग खडकांवरच्या पांढऱ्या खुणांचाच आधार! म्हणून गटाने एकमेकांना सोडायचे नसते.

सर्वांत मोठी अडचण पाण्याची. नवल असे, की याच पर्वतावरील कोमेर्सों विवरापाशी फेब्रुवारी २००७ मध्ये तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. तो जागतिक विक्रम ठरला. मग हे पाणी जाते कोठे? लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे त्यात राहतात आणि आकसताना भेगा पडतात. चाळणीतून गळावे तसे पाणी खाली जिरते.

मित्रांनो, या ज्वालामुखीला पोसणाऱ्या भूगर्भातील तप्त स्रोतावरूनच सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी सरकली व सह्याद्रीचा काळा खडक तयार झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. सह्याद्रीतील छिद्रे पुढे खनिजांनी भरली. त्याच्या घट्ट थरांत कोरलेल्या गडांवरच्या टाक्यांत पाणी टिकते. रेयुनियाँचा खडक मात्र अजून कोवळा आहे. तेथे आपले पाणी आपणच पाठीवर वाहिले पाहिजे!