पिंगळा आणि रानपिंगळा

शेताच्या बांधावरील कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. पक्षी अपशकुनी म्हणून ढोली बुजवावी काय, अशी पृच्छा वरणगाव येथील एका शेतकरी बंधूंनी केली. ढोली मुळीच बुजवू नये. पिंगळा टोळ, भुंगेरे आणि उंदरांची पिले खातो. तो पिकाचा विनावेतन राखणदार होय. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा जाणतो असे म्हणतात. त्यावरून पक्ष्यास भविष्य कळते, असे मात्र समजू नये.

तापीच्या उत्तरेस, सातपुड्यात याचाच एक भाऊबंद राहतो. तो रानपिंगळा. दोघेही वीतभर लांबीचे, त्यामुळे गफलत होते. प्रथम डोके पाहावे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचे डोके मोठे, करड्या-तपकिरी रंगाचे असून त्यावर ठिपके जवळजवळ नसतात. त्याची छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग पांढरा आणि शेपटीवरचे पट्टे रुंद असतात. पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी खुणा पसरलेल्या असतात.

पिंगळा गावात, जुन्या भिंतीत वा झाडाच्या ढोलीत राहतो व तिन्हीसांजेस कलकलाट करीत बाहेर पडतो. रानपिंगळा सागाच्या विरळ जंगलात, दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून सरडे व उंदीर टिपतो. तथापि पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसलेला दिसतो. केवळ वेळेवरून निर्णय करू नये.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना, आणि तो नष्ट झाला असे मानले जाऊ लागले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळ दिसला. पुढे यावल अभयारण्यात व मेळघाटातही त्याची नोंद झाली. आजही त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. ढोलीची जुनी झाडे तुटली व जंगलात नांगर शिरला की त्याचा आसरा जातो.

ग्रामसेवकांनी जंगलालगतच्या गावांत ही ओळख समजावून द्यावी आणि रानपिंगळा दिसल्यास वनरक्षकास कळवावे. विषारी आमिषाने मेलेले उंदीर शेतात उघडे टाकू नयेत, खोल पुरावेत. ते खाऊन दोन्ही पक्षी दगावण्याचा धोका असतो.