आईशेजारचं विणलेलं अंथरूण

न्यूझीलंडच्या ओलसर जमिनीत हाराकेके नावाचं झुडूप माजतं. पाती लांबच लांब, चिवट, पंख्यासारख्या फुटलेल्या. इथल्या मूळनिवासी माओरी समाजातली विणकरीण या पाती कापण्याआधी प्रार्थना म्हणते. पावसात कापत नाही, रात्री कापत नाही. प्रत्येक पंख्याच्या मधोमध कोवळा कोंब असतो, तो बाळ मानला जातो. त्याला लागून असलेल्या दोन पाती म्हणजे आईबाप. या तिघांना सुरी लावायची नाही. कापायच्या त्या कडेच्या, जुन्या पाती. उरलेली कात्रणं परत झुडपाच्या बुडाशीच टाकायची. या पाती चिरून, मऊ करून विणलेलं तान्ह्या बाळाचं अंथरूण म्हणजे वहाकुरा. सपाट तळ, बुटक्या घट्ट कडा, जेमतेम पाऊण मीटर लांबी आणि तिच्या निम्मी रुंदी. ते ठेवायचं आईबापांच्या अंथरुणावर, दोघांच्या मध्ये किंवा आईच्या कडेला.

त्याची गरज का पडली, हे समजायला 1980च्या दशकात जावं लागतं. धडधाकट बाळ रात्री निजतं आणि सकाळी उठत नाही, असे मृत्यू न्यूझीलंडमध्ये तेव्हा हजार जन्मांमागे चारच्या आसपास होते. 1987 ते 1990 या काळात एड मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर अभ्यास केला. बाळाला पालथं निजवणं, आईचं धूम्रपान आणि अंगावर न पाजणं हे तीन मोठे धोके त्यातून पुढे आले. बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात घेणं हा चौथा. 1991मध्ये ‘बाळाला पालथं निजवू नका’ अशी मोहीम निघाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. माओरी घरांत मात्र ते तितके घटले नाहीत.

कारण तिथे धोके एकात एक अडकलेले होते. गर्भात असताना निकोटिन पोचलेल्या बाळाची झोपेतून दचकून जागं होण्याची शक्ती मंदावते. नाकावर गोधडी आली, उशीत तोंड रुतलं, थकलेल्या मोठ्या माणसाचा हात अंगावर पडला, तर दुसरं बाळ मान वळवेल, रडेल. हे बाळ धडपडतच नाही. माओरी स्त्रियांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण फार मोठं होतं आणि बाळाला कुशीत घेऊन निजणं ही तर पिढ्यांची रीत. त्यांना सांगितलं गेलं, बाळाला वेगळं निजवा. हा सल्ला बायांनी मानला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. आपल्याकडे घरात पाळणा असला तरी रात्री बाळ आईच्या कुशीतच असतं. तिथून त्याला उचला म्हणणाऱ्या नर्सचं आपल्या किती आयांनी ऐकलं असतं?

डॉ. डेव्हिड टिपेने-लीच हे स्वतः माओरी डॉक्टर. 1990च्या दशकात ते या मृत्यूंबाबत माओरी कुटुंबांमध्ये काम करत होते. मनाई करून भागणार नाही हे त्यांनी तिथेच पाहिलं. बाळ आईजवळच राहील, पण त्याची जागा त्याची स्वतःची असेल, असं काही हवं होतं. 2006च्या सुमारास गिस्बर्न भागातल्या विणकरांच्या हातून वहाकुरा तयार झाला. लेकरासाठी विणलेली झोपायची जागा माओरींच्या जुन्या जगात होतीच. तिला नव्याने जाग आली.

मला यातली खरी ताकद दिसते ती विणण्यात. गरोदर बाया, त्यांच्या आया, मावश्या, कधी नवरेही एकत्र बसतात, हाताने पाती विणतात आणि बोलतात. बाळ उताणं, तोंड उघडं. उशी नको, खेळणी नकोत, गादी पातळ आणि घट्ट. सिगारेट सोडायची, अंगावर पाजायचं. दवाखान्यातल्या भिंतीवरचं पत्रक जे करू शकलं नाही ते इथे होतं, कारण सांगणारी आपलीच आजी असते आणि ऐकणारीच्या हातात तिच्याच बाळाचं अंथरूण असतं. बाळ पालथं पडू लागलं, साधारण पाच-सहा महिन्यांचं झालं, की वहाकुराचं काम संपतं. सर्वाधिक धोक्याचे महिनेही तोवर मागे पडलेले असतात.

श्रद्धेवर विसंबून न राहता वहाकुरा तपासलाही गेला. हॉक्स बे भागात 200 मातांना, बहुतेक माओरी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून कुणाला वहाकुरा दिला, कुणाला नेहमीचा सुटा बिछाना. बाळांच्या रात्री अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने टिपल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजला. 2017मध्ये निष्कर्ष छापून आले: वहाकुरा सुट्या बिछान्याहून अधिक धोक्याचा दिसला नाही, आणि बाळ सहा महिन्यांचं असताना पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या मातांचं प्रमाण वहाकुराच्या गटात दुप्पट होतं. आई जवळ असली की पाजणं सोपं जातं, इतकी ही साधी गोष्ट.

पण वहाकुरा विणायला वेळ लागतो, विणणारे हात मोजके. 2011च्या फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला भूकंप झाला, कुटुंबं मिळेल तिथे दाटीने निजू लागली, तेव्हा बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणाऱ्या स्टेफनी कोवन यांनी याच कल्पनेवर बेतलेली प्लास्टिकची पेटी, पेपी-पॉड, शेकडो घरांत पोचवली. अट एकच: जे शिकलात ते ओळखीच्यांना सांगायचं. पुढे ही पेटी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या कुटुंबांपर्यंत गेली. न्यूझीलंडमध्ये 2009 ते 2015 या काळात पहिल्या आठवड्यानंतरचे अर्भकमृत्यू 29 टक्क्यांनी घटले. अभ्यासकांनी त्याचं श्रेय बव्हंशी या सुरक्षित झोपेच्या कामाला दिलं. 2017मध्ये सरकारने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला.

तरी माओरी बाळं आजही इतरांच्या तुलनेत कितीतरी जास्त जातात. गरोदरपणातली सिगारेट, दमट आणि दाटीची घरं, भाडं परवडेना म्हणून बैठकीच्या खोलीत एका गादीवर निजणारी चार-पाच माणसं, हे वहाकुराने सुटत नाही. तो फक्त त्या गादीवर बाळापुरती जागा राखतो, आणि तेवढ्यासाठीही प्रत्येक गरोदर बाईपर्यंत तो बाळंतपणाआधी पोचायला हवा.