पीयूषिका ग्रंथीची गाठ : दोष सुनेचा नव्हे, संप्रेरकांचा

लग्नाला चार वर्षे झाली, पाळी महिनोन्महिने येत नाही, आणि मूल नसतानाही स्तनांतून दूध पाझरते. नांदेड-लातूरकडच्या कित्येक घरांत अशा सुनेसाठी नवस आधी बोलले जातात. रक्ताची तपासणी मागाहून होते. वाचकहो, हा क्रम बदलायला हवा.

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, अधिवृक्क व प्रजनन ग्रंथी तिच्याच आज्ञेत चालतात. तिच्यातील गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. तरी त्यांच्यामुळे संप्रेरकांचा तोल ढळतो.

वरील लक्षणांमागे बहुधा प्रोलॅक्टिन वाढलेले असते. त्याला गाठच कारण असते असे नाही. गर्भारपण, थायरॉइडची कमतरता, उलटीवरील वा मानसिक आजारांवरील काही औषधे यांनीही ते वाढते. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवा. गाठ असली तरी बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही. आठवड्यातून एकदोनदा घ्यावयाच्या कॅबरगोलिनच्या गोळीने ती आक्रसते, पाळी सुरू होते, मातृत्वही लाभू शकते. पुरुषांतही ही गाठ होते. कामेच्छा मंदावते, पण संकोचापायी ते बोलत नाहीत.

इतर गाठींची चाहूल घरच्यांनाच लागते. अंगठी बोटात रुतू लागली, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढे आला, तर लग्नातले छायाचित्र शेजारी धरून पाहा. वृद्धी-संप्रेरक वाढले असावे. चेहरा गरगरीत, हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळे पट्टे दिसले तर कॉर्टिसॉलची शंका घ्यावी. सांधेदुखीवरच्या अनोळखी पुड्यांत स्टिरॉइड असले तरी असेच रूप होते. मात्र त्या एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात. गाठ मोठी झाली की दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. चष्मा बदलून ते सुधारत नाही. अशा गाठी बहुधा नाकावाटे काढतात.

तपासाचा आरंभ गावाजवळच करा. नांदेडला विष्णुपुरीचे, तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे गरज पडल्यास मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

अकस्मात असह्य डोकेदुखी, उलट्या आणि दृष्टी अंधुक होणे ही तिन्ही एकत्र आली तर मात्र सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.