मालधक्क्याचा उतार

घरातल्या टेबलावर लहान आगगाडी मांडण्याचा छंद आपल्याकडे आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही. पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहून आलेली मुले घरी येताच रूळ मागतात. मांडणीत स्टेशन येते, बोगदा येतो, पूल येतो. मालधक्का मात्र क्वचित दिसतो. मालगाडी गोल गोल फिरत राहते. माल चढला कोठे आणि उतरणार कोठे, हे कोणी विचारीत नाही. हमालांच्या संघटनेत आयुष्य गेल्यामुळे आमची नजर आधी तिकडेच जाते, त्याला इलाज नाही!

कोल्हापूरकराने तरी हे विसरू नये. मिरजेहून आपल्याकडे रेल्वे आली १८९१ साली. शाहूपुरीची पेठ वसली १८९५ साली. गूळ बैलगाडीने पेठेत यायचा आणि रेल्वेने परगावी जायचा. बैलगाडी व वाघीण यांची गाठ पडे ती धक्क्यावर.

आता मापे. एच. ओ. नावाची, ८७ पट लहान केलेली गाडी सर्वांत प्रचलित आहे. आपल्या ब्रॉड गेजवर मालधक्क्याची उंची रुळापासून जास्तीत जास्त १,०६५ मिलिमीटर धरतात. तिला ८७ ने भागले की सव्वाबारा मिलिमीटर येतात. दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे सहा थर एकावर एक चिकटवले की काम झाले. कोल्हापूरचा मार्ग १९७१ पर्यंत मीटर गेजचा होता. तो काळ दाखवायचा असेल तर बारा मिलिमीटर अंतराचे रूळ घ्यावेत, आणि धक्क्याची उंची वाघिणीच्या दाराचा तळ पाहून ठरवावी. धक्का सरळ रुळालगतच ठेवावा. वळणावर डब्यांची टोके बाहेर येतात आणि धक्क्याला घासतात.

खरी अडचण उताराची. दहास एक असा उतार धरला, तर बारा मिलिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी लागते. जागा वाचवण्यासाठी हौशी माणूस तीन सेंटिमीटरांत भागवतो. त्याचा हिशेब पाहा. गुळाचा मोठा रवा तीस किलोंचा. हातगाडीवर दहा रवे ठेवले, तर तीनशे किलो. दहास एक उतारावर ते चढवायला तीस किलोंचा जोर लागतो, सहास एकवर सुमारे पन्नास. आणि त्या तीन सेंटिमीटरांच्या उतारावर शंभराहून अधिक! हातगाडीचे वजन व चाकांचे घर्षण यात धरलेलेच नाही.

एका गोदामात असाच उभा उतार होता. मजुरीच्या मागणीबरोबर तो लांबविण्याची मागणीही आम्ही घातली, तेव्हा मालक हसले. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मजुरीबद्दल बोलायला आधार होता. उतारासाठी मालकाला स्वतः हातगाडी ढकलायला लावावी लागली. दोन दिवसांत गवंडी आला.

टेबलावर जागा कमी असेल तर उतार रुळाला आडवा न घेता समांतर घ्यावा. तेवढीही नसेल, तर तो गाळून रस्त्याच्या बाजूस मोकळे आवार ठेवावे, म्हणजे बैलगाडी किंवा ट्रक पाठमोरा धक्क्याला लावता येतो. पृष्ठभागावर डिंक लावून बारीक वाळू पेरावी, दगडी सांधे बोथट पेन्सिलीने ओढावेत. काठाजवळ गुळाचे काळपट डाग हवेत, आणि सावलीच्या बाजूला पाण्याचा माठ.